नक्कल करता करता तैलरंग : अजिंठ्याची ‘मरणासन्न राजकन्या’

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलानं विचारलं होतं, “सर, नक्कल करून पेंटिंग येतं का?” त्याचं उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे, अजिंठ्याला.

१८७२ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथं गेले. अजिंठा तेव्हा आपल्या हिंगोलीसारखाच निजामाच्या राज्यात. भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करायच्या, त्याही कॅनव्हासवर, तैलरंगात. हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्याच पोरांपैकी एक.

आता गंमत बघा. मूळ चित्र तैलरंगातलं नाहीच! भुसा-माती कालवून केलेला गिलावा आणि त्यावर खनिज रंग. तिथं आकार रेषा सांभाळते. तेलात मात्र उजेड-सावलीनं आकार उभा करावा लागतो. म्हणजे पोरांना नुसतं उतरवून चालणार नव्हतं, प्रत्येक रेषेपाशी थांबून ठरवायला लागणार.

सोळाव्या लेण्यातली ‘मरणासन्न राजकन्या’ घ्या. नंदानं घर सोडून भिक्षुव्रत घेतलं, त्याचा मुकुट परत आला, आणि सुंदरी कोसळली, अशी ती गोष्ट मानतात. पण कथा माहीत नसली तरी अडत नाही. घरात दुःखाची बातमी आल्यावर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले, हातपाय सैल. एक दासी मागून सावरतेय, एक वारा घालतेय.

मी पहिल्यांदा तिची प्रत केली तेव्हा सगळा जीव डोळ्यांत ओतला. पापण्या ओल्या केल्या, ओठ वाकडे केले. झालं काय, तर नाटकातली बाई दिसायला लागली. दुःख चेहऱ्यात नव्हतंच, सुटलेल्या खांद्यात होतं. खांदा पुसून दोन बोटं खाली घेतला आणि चित्र शांत झालं.

म्हणून रंग काढायची घाई करू नका. कॅनव्हासवर पातळ गेरूचा हात द्या. त्यावर तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त काळोख मांडा. डोळे बारीक करून बघा, मोठे गट दिसतील. मग वरच्या थरात तेल वाढवत न्यायचं. तेल म्हणजे जवसाचं, ज्याची आपण चटणी खातो तेच जवस. ते हवेनं हळूहळू घट्ट होतं. खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला तर पुढं भेगा पडतात. पिवळा लावताना पिवळी माती घ्या, वसमतच्या हळदीसारखा झगझगीत नको.

त्या प्रतिकृतींचं पुढं काय झालं? १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आग लागली, बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. आणि चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश फासलं गेलं, त्यानं त्या काळवंडल्या. हा हिशेब नक्कल करणाऱ्यांनी विसरू नये. पेस्तनजींनी मात्र पुढं पारशी घरातली साधी दृश्यं तेलात रंगवली. पोपटाला दाणा घालणाऱ्या बाईचं त्यांचं चित्र जरूर बघा, त्यातली मान बघा.

असो. मागचे दिवे बंद करता का जरा? पडद्यावर सुंदरी लावतो. डोळ्यांकडं नंतर, आधी खांदा बघा.