बियाणं उगवलंच नाही तर?

सोयाबीन पेरलं, पाऊसही झाला. पण बियाणं उगवलंच नाही. अकोला-अमरावतीकडं दुबार पेरणीचं हे दुखणं घरोघरी ठाऊक आहे. श्रोतेहो, बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट केलं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्यातलं कलम ३४ पाहा : कंपनी कुठलीही असो, तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. ‘ई-जागृती’वर ती घरबसल्या दाखल होते, खरेदी पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र पुरावा संगणक देणार नाही. म्हणून पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या.