लिफ्ट केलेल्या थारला लिंक किती लांब हवी?

थार ५० मिमी उचलली, मग स्टॅबिलायझर लिंकही ५० मिमी लांब? थांबा, आधी मोजा.

मागचा अ‍ॅक्सल अखंड. तिथे उत्तर साधारण ५० मिमीच येतं. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र. तिथे लिंक खालच्या आर्मच्या निम्म्यावर जोडलेली असेल, तर वाढ फक्त २५ मिमीच्या आसपास. म्हणून गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी करा, बार लिफ्टआधीच्या कोनात आणा आणि दोन्ही टोकांतलं अंतर मोजा.

आमच्या दिघ्यात, एमआयडीसीत, लेथवर उजवे-डावे आटे पाडून लांबी बदलता येणारी लिंक करून घेता येते. जुनी कापून वेल्डिंग मात्र नको; उलटसुलट ताणाने जोड थकतो आणि ऐन वळणावर तुटू शकतो.

संशोधनातही तेच: आकडा उचलण्याआधी तो कुठल्या रचनेचा, ते बघा.