बर्फावरची हॉकी आणि दोन नायकांचे प्रेम

नायगावच्या वाचकास हॉकी अपरिचित नाही, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी, नांदेडास, श्री गुरु गोविंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते. परंतु ज्या हॉकीभोवती दोन पुरुषांच्या प्रेमकथांचा एक स्वतंत्र प्रांतच उत्तर अमेरिकेत वसला आहे, ती बर्फावर, बुटांना पोलादी पाती लावून, आणि प्रतिस्पर्ध्यास अंगाने धडक देण्याची नियमानेच मुभा घेऊन खेळली जाते. कॅनडातील रेचेल रीड यांची २०१९ ची ‘हीटेड रायव्हलरी’ ही त्यांतील विशेष गाजलेली कादंबरी, जिच्यावर २०२५ मध्ये दूरचित्रमालिकाही आली. माँट्रियलचा शेन हॉलंडर आणि बॉस्टनकडून खेळणारा रशियन इल्या रोझानोव्ह हे जगापुढे हाडवैरी, एकांतात प्रियकर. आणि वैराचा हा जाहीर बोभाटाच त्यांच्या गुपिताची राखण करतो, ही योजना मला फार मार्मिक वाटते. वास्तवात, तेथील प्रमुख लीगच्या संघाशी करारबद्ध असताना आपण समलिंगी असल्याचे उघड सांगणारा पहिला खेळाडू ल्यूक प्रोकॉप, तोही २०२१ मध्ये.

या कथाप्रकाराचा दस्तूर असा की शेवट सुखाचाच हवा. मराठीत सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने (२००६) ही सवलत घेतलेली नाही: घरी भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर भाऊ तनय आणि बहीण अनुजा या दोघांचाही जीव जडतो, आणि तो दोघांनाही सोडून निघून जातो.