तलाव, सायकल आणि मे महिन्याचं ऊन

आम्ही दोघी सख्ख्या जावा. थोरली कोकणातली, खेड तालुक्यातली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. धाकटी मिरजेचीच. आमच्या गल्लीत सतारी बनतात, त्यामुळे भोपळा म्हणजे सतारीचा एवढंच तिला ठाऊक. तोच भोपळा कमरेला बांधून खेड्यापाड्यांतली मुलं पोहायला शिकतात, हे तिला थोरलीकडून कळलं. तर अशा आम्ही दोघींनी गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या राजाराम तलावावर एका छोट्या स्थानिक ट्रायथलॉनमध्ये भाग घेतला. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. तिन्ही एकामागोमाग, मध्ये घड्याळ थांबत नाही. एकीची शर्यत पुरी झाली, एकीची राहिली. दोन महिने झाले तरी नातेवाईक भेटले की विचारतात, "कसं झालं गं ते तुमचं?" म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो आहोत.

सुरुवात साखरेपासून झाली. दीड वर्षापूर्वी थोरलीची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या माहेरी आई आणि मोठा भाऊ दोघंही इन्सुलिनवर, त्यामुळे हा आकडा घरात कोणी हसण्यावारी नेला नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी नंतर बघू, आधी हालचाल वाढवा. ती जलतरण तलावाच्या बायकांच्या बॅचला जाऊ लागली. एकटीने कसं जायचं म्हणून धाकटी सोबत गेली आणि वयाच्या 29व्या वर्षी नाकातोंडात पाणी घेत घेत पोहायला शिकली. ती शाळेत शिकवते; तिथल्या एका सहकाऱ्याने या शर्यतीबद्दल सांगितलं. सर्वांत लहान गटाचं अंतर 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं. ऑलिंपिकमध्ये याच्या दुप्पट असतं.

घरी विषय काढला तेव्हा अब्बा रंधा थांबवून एवढंच म्हणाले, "पाणी खोल आहे का?" अम्मींनी मात्र दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "जा. पण दोघींपैकी एकीला जरी त्रास झाला, तरी दुसरीने तिला सोडून पुढे जायचं नाही. हे कबूल असेल तर जा." आम्ही कबूल केलं. तेव्हा ती अट सोपी वाटली होती.

हा खेळ काही फार जुना नाही. 1974च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला पहिली ट्रायथलॉन झाली, तेव्हा 46 जण उतरले होते. 1978मध्ये हवाईत कॉलिन्स पतीपत्नींच्या कल्पनेतून पहिली 'आयर्नमॅन' झाली. 15 जण सुटले, 12 जण पोहोचले. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला 2000 साली, सिडनीत. आपल्याकडे लोकांना आयर्नमॅन हा शब्द कळला तो बहुधा मिलिंद सोमणने 2015च्या जुलैत झुरिकला ती पूर्ण केली तेव्हा. या खेळाच्या इतिहासात उन्हाने केलेल्या फजितीच्या गोष्टी फार. 2016मध्ये मेक्सिकोत कोसुमेलला जॉनी ब्राउनली शेवटच्या टप्प्यात पहिला असताना झोकांड्या खाऊ लागला. मागून आलेल्या अलिस्टर या थोरल्या भावाने जिंकायचा विचार सोडून त्याला खांद्याचा आधार दिला आणि रेषेपलीकडे ढकललं. जॉनी दुसरा आला, अलिस्टर तिसरा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तर उन्हाच्याच भीतीने शर्यत सकाळी साडेसहाला सुरू केली होती. जगातले अव्वल खेळाडू जिथे आडवे होतात, तिथे आम्ही घरकाम आणि शाळा सांभाळून जाणाऱ्या. तयारीचा मोठा भाग ऊन सोसायचं कसं, यावरच गेला.

पण लोकांनी आम्हाला सर्वांत जास्त विचारलं ते कपड्यांबद्दल. पोहणार कशात? थंड देशांत तलावाचं पाणी इतकं गार असतं की बाई असो वा पुरुष, सगळे मानेपासून घोट्यापर्यंत रबरी पोशाख घालून उतरतात. पाणी फार थंड असेल तर तो सक्तीचा असतो. तिथे अंग झाकलं म्हणून कोणी वळूनही बघत नाही. आपल्याकडे पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात तो रबरी पोशाख वापरायला नियमानेच बंदी, कारण आत अंग तापतं आणि रबर माणसाला तरंगायला मदतही करतं. म्हणून मग पातळ लायक्राचा लांब बाह्यांचा पोशाख आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी. याने तरंगायला काही मदत होत नाही. आमच्या तलावावर पहिल्या दिवशी थोडी कुरकुर झाली. कापड सुती नाही, नायलॉन-लायक्राचं आहे, हे व्यवस्थापकांनी हातात घेऊन पाहिलं आणि विषय मिटला. शर्यतीच्या आयोजकांना आम्ही आधीच फोटो पाठवून विचारलं होतं. अडचण नाही, असं उत्तर आलं. ज्या बहिणींना उतरायचं आहे त्यांनी हे आधी विचारून ठेवावं. ऐन वेळी पाण्याच्या काठावर वाद नको.

सायकली दोन्ही जुन्या घेतल्या, एक भाच्याची आणि एक जयसिंगपूरच्या दुकानातून. सराव पहाटेचा. फजर झाली की निघायचं, जयसिंगपूरपर्यंत जाऊन उन्हं वर यायच्या आत परत. मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागून जाणं म्हणजे जिवाशी खेळ; म्हणून अर्धा सराव शाळेच्या मैदानाभोवती गोल गोल फिरून केला. कृष्णेत का पोहत नाही, असं पाहुणे विचारायचे. कृष्णेत मगरी आहेत, म्हणून नाही. डबे भरायचे, मुलांना उठवायचं हे काम तीन महिने आमच्या नवऱ्यांनी आणि अम्मींनी वाटून घेतलं. धाकटीच्या नवऱ्याच्या हातच्या चपात्या नकाशासारख्या होतात, हे इथे नोंदवून ठेवलंच पाहिजे.

मार्चमध्ये रमजान आला. रोजे असताना आम्ही जोराचा सराव बंदच केला. असरनंतर अर्धा तास सावकाश चालायचं, एवढंच. आणि इथेच आमच्या लक्षात एक गोष्ट आली, ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आम्हा लोकांना तहान सोसायची लहानपणापासून सवय. सात-आठ वर्षांची मुलं हट्टाने रोजा धरतात, मे महिन्यात आलेले रोजेही आम्ही धरले आहेत. त्यामुळे वाटत होतं, पाण्याचं काय, आपण राहू शकतो. पण रोज्यात माणूस जपून असतो. सावलीत बसतो, कामं हळू करतो. शर्यतीत शरीर भट्टीसारखं तापतं आणि ती उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरा मोठा मार्ग नाही. घामाला पाणी लागतं. तिथे तहान सोसण्याला काहीही किंमत नाही, उलट नुकसान आहे. नुसतं पाणी ढोसणंही चांगलं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. म्हणून आम्ही घरीच बनवलं: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेचं नाव काढताच थोरलीच्या कपाळावर आठी आली. तिच्यासाठी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी शर्यतीपुरतं चालेल म्हटलं. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. ईदनंतर आठवडाभराने आम्ही सरावाची वेळ थोडी थोडी उशिरा नेली, साडेसातला, मग आठला. लोक आम्हाला त्या उन्हात पळताना पाहून गाडी थांबवून विचारायचे, काही झालंय का?

शर्यतीच्या आदल्या रात्री कोल्हापुरात नणंदेकडे राहिलो. फजरची नमाज तलावाच्या काठावर, सायकलींच्या रांगेमागे चादर अंथरून केली. दंडावर आणि पोटरीवर मार्करने नंबर लिहायचा असतो. आमच्या बाह्या लांब, म्हणून तिथल्या मुलीने तो हाताच्या पंजावर लिहिला. घोट्याला वेळ मोजणारी पट्टी. बायकांची तुकडी साडेसहाला सुटली, सगळ्या मिळून 14.

तलावातलं पाणी टाकीतल्या पाण्यासारखं नसतं. तळ दिसत नाही, रेषा नसते, शेजारणीचा हात डोक्यावर बसतो. धाकटीचा श्वास पहिल्या शंभर मीटरांत कोंडला. दम लागला तर बचावाच्या होडीला धरून थांबता येतं आणि त्याने कोणी बाद होत नाही, फक्त होडीच्या जोरावर पुढे जायचं नाही. हा नियम फारसा कोणी नवख्यांना सांगत नाही. तिने होडी धरली, तीस श्वास मोजले आणि निघाली. 24 मिनिटांत बाहेर. थोरली विहिरीतली मासोळी, 19 मिनिटांतच काठावर आली होती.

सायकलवर विशेष काही घडलं नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, पुढच्या सायकलीला चिकटून वारा चुकवायचा नाही, एवढं सांभाळलं. वाऱ्याने कपडे वाळले आणि बरं वाटलं. ते फसवं असतं. घाम सुकत जातो, किती गेला ते कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी घोट घ्यायचा ठरलं होतं, तो दोघींनी घेतला.

धावायला अडीच किलोमीटरचे दोन फेरे. आठ वाजायला आले होते आणि ऊन मानेवर बसलं होतं. झाकलेल्या कपड्यात ऊन जास्त लागतं का? खरं सांगायचं तर कडक ऊन अंगावर थेट येत नाही हा फायदा, पण घाम उडायला वेळ लागतो हा तोटा. कापड ओलं ठेवलं तर चालून जातं, म्हणून प्रत्येक पाण्याच्या टेबलावर अर्धा ग्लास प्यायचा आणि अर्धा डोक्यावर ओतायचा.

दुसऱ्या फेऱ्यात, साधारण साडेतीन किलोमीटरवर, थोरलीच्या अंगावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजल्यासारखं. ही खूण आम्ही वाचून ठेवली होती. त्यानंतर माणूस असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो, आणि मग मिनिटांचा प्रश्न असतो. ती पाण्याच्या टेबलाजवळ झाडाखाली जाऊन बसली. तिथल्या मुलांनी लगेच बर्फाचं पाणी मानेवर, काखेत, मांड्यांवर ओतायला सुरुवात केली. आधी गार करायचं, मग बाकीचं. सात-आठ मिनिटांनी मागून धाकटी आली. तिला ऊन सोसत होतं, पाय चालत होते. अडीच तासांच्या मुदतीतला वेळही हाताशी होता. ती थांबली.

अम्मी छत्री घेऊन पलीकडच्या सावलीत बसल्या होत्या, त्या धावत आल्या. डॉक्टर आले, त्यांनी ताप पाहिला, नाव-गाव-तारीख विचारली. थोरलीने सगळं बरोबर सांगितलं आणि वर "भाजीवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत" हेही सांगितलं. अठरा मिनिटं गेली. ती म्हणाली, "तू जा." धाकटी म्हणाली, "भाभी, अट आहे." मग अम्मी म्हणाल्या, "अट मी घातली होती. आता मी हिच्यापाशी आहे. जा तू."

धाकटी 2 तास 24 मिनिटांत पोहोचली, 14 जणींत अकरावी. निकालाच्या कागदावर थोरलीच्या नावापुढे 'अपूर्ण' असं लिहिलं आहे. पंधरा दिवस तिला त्या शब्दाचं वाईट वाटलं, मग कमी झालं. गल्लीतल्या एका मावशींनी "झेपत नाही तर कशाला जायचं" असं सुनावलं. अब्बांनी त्यांना विचारलं, की 750 मीटर पाण्यात तुम्ही किती वेळात जाल?

पंजावरचा नंबर चार दिवस गेला नाही. धाकटीच्या वर्गातल्या मुलींनी तो पाहून इतके प्रश्न विचारले, की भूगोलाचा एक तास त्यातच गेला. थोरलीची साखर जूनमध्ये 5.9 आली; गोळी अजून सुरू झालेली नाही. गुडघेदुखीला पाण्यात चालणं चांगलं, असं डॉक्टरांकडून ऐकल्यापासून अम्मींनी तलावाच्या सकाळच्या बॅचची फी दोनदा विचारली आहे. त्यांच्या मापाचा पोशाख मात्र मिरजेत मिळत नाही, तो मुंबईहून मागवला आहे.