‘माहीत नाही’ म्हणायला दम लागतो!

‘आपल्या धर्मात हे आधीच होतं, सायन्सला आत्ता कळलं!’ असा फॉरवर्ड आला की आपण एकतर थम्सअप टाकतो, नाहीतर भांडतो.

जॉर्ज लमेत्र यांनी तिसरीच वाट धरली. बेल्जियमचे हे कॅथलिक धर्मगुरू पट्टीचे भौतिकशास्त्रज्ञही होते. विश्व प्रसरण पावतंय, हे त्यांनी १९२७ मध्ये गणितातून मांडलं. १९३१ मध्ये त्याची सुरुवात एका ‘आदिम अणू’पासून झाली असावी, असं सुचवलं. हीच पुढे बिग बँगची कल्पना झाली. १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांना त्यात ईश्वरी निर्मितीची साक्ष दिसली. लमेत्र खूश व्हायला हवे होते ना? उलट ते अस्वस्थ झाले. सिद्धांत उद्या बदलू शकतो. मग त्यावर टेकवलेल्या श्रद्धेचं काय?

आजही विश्वाचा जवळपास ९५ टक्के भाग, म्हणजे डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी, नेमका काय आहे ते कळलेलं नाही. त्या रिकाम्या जागेत घाईने देव बसवू नका, की ‘देव नाहीच’ असंही ठोकून देऊ नका. थोडं थांबा. लमेत्रही थांबले होते. बिग बँगचा भक्कम पुरावा मिळाला १९६५ मध्ये, त्यांच्या निधनाच्या जेमतेम वर्षभर आधी. आणि तोही एका रेडिओ अँटेनातून!