सिकलसेल : नोंदीतील बीजदोष

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीने होणाऱ्या विकृतींचे विवेचन आहे. कळंबसह आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आढळणारा सिकलसेल हा बीजदोषजन्य व्याधीच होय. त्याचा जनुकीय माहितीकोश रचताना पहिली अडचण नावाचीच येते. बीटा ग्लोबिनमधील हा दोष जुन्या ग्रंथांत ६ व्या स्थानी, तर नव्या संकेतानुसार आरंभीचे मेथिओनिन मोजून ७ व्या स्थानी लिहिला जातो. संकेत न नोंदविल्यास एकच दोष दोन भासतात.

दुसरी अडचण आपल्या केसपेपरवरची. सोल्युबिलिटी चाचणी वाहक व रुग्ण या दोहोंत सकारात्मक येते. ‘एएस’ की ‘एसएस’ हे इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीने कळते. नुसते ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहिल्याने निरोगी वाहक आयुष्यभर रोगी ठरतो. उलट दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास असणारा २५ टक्के धोका झाकला जातो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्याचे यश अशा नोंदींवरच अवलंबून आहे. यास्तव वैद्यांनी चाचणीचे नाव, निष्कर्ष व दिनांक अवश्य लिहावा. औषधालयचालकांनीही रुग्णाच्या संमतीविना ही माहिती कोणासही, विशेषतः सोयरीक जुळविणाऱ्यांस, सांगू नये. विश्वास गेला की रुग्ण तपासणीस येत नाही, आणि कोश अपुराच राहतो.