हवेची गादी आणि एक काटा

डिसेंबरातली रात्र, हरिश्चंद्रगडाचं पठार. दोनच्या सुमारास मला जाग आली ती पाठ गार पडल्यामुळे. तंबू नव्हता, मी बिव्ही बॅगेत, म्हणजे एका माणसापुरत्या जलरोधक खोळीत झोपलो होतो. अंगाखालची हवेची गादी पार बसली होती. कारण? करवंदीच्या वाळक्या फांदीचा एक काटा!

तुम्ही म्हणाल, स्लीपिंग बॅग होती ना? होती. पण अंगाखाली दबलेल्या पिसांत हवा उरत नाही, आणि हवा नाही तर ऊबही नाही. उजाडेपर्यंत मी सॅकवर बसून कुडकुडत होतो.

त्या रात्री गादी खोळीच्या बाहेर, खाली होती. आता मी ती आत ठेवतो. कुशीवर वळताना निसटत नाही. मात्र खोळीचा तळही पातळच. काटा तोही भेदतो, मग भोकं दोन! म्हणून उजेड असतानाच जागा हाताने चाचपून काटे-खडे वेचायचे आणि खोळीखाली फोमची साधी कॅरीमॅट पसरायची. ओझं वाढतं म्हणून सोबती हसतात. हसोत बापडे.

गादी टम्म फुगवू नये. खोळ आवळते आणि स्लीपिंग बॅग दबते. सकाळी उन्हात फुगलेली ठेवू नये. हवा तापून जोड उकलतात.

भोक पडलंच, तर फुगवलेल्या गादीवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा, जागा खडखडीत वाळू द्या, मगच ठिगळ लावा. माझ्या गादीवर अशी तीन आहेत.